पिवळीचा शेवट

अजिनाथला जळायला कारण लागत नसे. शेजारच्या परमेश्वरच्या म्हशीला पारडी झाली तेव्हा हा दोन दिवस जेवणावर रुसला होता, आणि याच्या दारात म्हैस सोडा, दावंही नव्हतं. कुणी नवा मोबाईल घेतला की याला आपल्या मोबाईलचा आवाज बारीक वाटायला लागे. कुणाच्या लग्नात दुसऱ्या गावचे स्पीकर लागले की हा पंगतीत बसून त्यांच्या ढिल्या वायरी बघत बसे आणि जिलबी घ्यायची विसरे. त्याची बायको मंगल म्हणायची, "ह्यांना ताप आला तरी आधी बघत्यात, दुसऱ्याला जास्त तर न्हाई ना आला."

पण एका गोष्टीत मात्र लोकांनी अजिनाथवर जळावं अशी सोय झालेली होती. ती गोष्ट म्हणजे पिवळी.

पिवळी जपानची. तिकडच्या लोकांनी चित्रं काढून केलेला पाऊण तासाचा एक पिक्चर होता. बर्फ पडणारं बंदर, मासळीचे बंद गाळे आणि त्या गाळ्यांत माणसासारखे कपडे घालून राहणारे, माणसाचं रक्त पिणारे लोक. त्यांना हुडकून मारणारी एक पोरगी, अंगात पिवळा रेनकोट. पिक्चरचं नाव डिस्कवर छापलेलं होतं, पण मोडक्या बाजांची चळत लावावी तशी ती अक्षरं, ती कोण वाचणार? रेनकोटावरून अजिनाथनं तिचं नाव पिवळी ठेवलं आणि रक्त पिणाऱ्यांचं रगतपिते. नांदूरघाटपासून चालत अर्ध्या तासावर असलेल्या त्यांच्या वस्तीत सोळा वर्षं हीच नावं चालत आली.

ती डिस्क त्याला मांजरसुंब्याला सापडली. दहावीला इंग्रजीत अडकल्यावर अजिनाथ तिथल्या एका ढाब्यावर ताटं मांडायला राहिला होता. कुणी ट्रकवाला डिस्कांची पिशवी विसरून गेला. मालकानं एक एक लावून बघितली. बाकीच्या गाण्यांच्या निघाल्या, ही एक जपानी निघाली. ड्रायव्हर लोक जेवता जेवता बघायला लागले. पोरगी काहीतरी बोलली आणि एकानं विचारलं, काय म्हनली बे ती? अजिनाथ वरण वाढत होता. त्यानं वर न बघता सांगून टाकलं की ती म्हणतीय, माझ्या मायला कुठं ठेवलंय ते सांग, न्हाईतर बुडातून तोडीन. ड्रायव्हर खूश झाला आणि त्यानं आणखी वरण मागितलं. तिथून अजिनाथ बोलतच राहिला.

बुडातून तोडीन, हे त्याला सुचलं याचंही कारण होतं. पिवळीच्या हातात तलवार नव्हती, बंदूक नव्हती. आखूड दांड्याचं, पुढं वाकलेलं एक पातं होतं. ते धरून ती कमरेत वाकायची आणि रगतपित्याच्या घोट्यावर वार करायची, कारण तो वरून कितीही तोडला तरी मरत नसे. चौदा वर्षांचा होईपर्यंत अजिनाथ त्रिंबक आणि रुक्मिणीबाई या आपल्या आईबापाबरोबर दर हंगामाला उसाच्या फडात गेला होता. वाकून बुडातून तोडणारं माणूस त्यानं जन्मापासून बघितलेलं. हा कोयताच आहे आणि ही तोडकरीण आहे, याबद्दल त्याला शंका आली नाही. मग तो काळ्या कोटातला, सगळ्या रगतपित्यांच्या पुढं चालणारा उंच माणूस कोण? तो मुकादम, आगाऊ पैसे देऊन तोडकऱ्यांना बांधून घेणारा. झालं, गोष्ट आपोआप बसली.

दसरा झाला की वस्तीतली ऊसतोडीची टोळी कारखान्याला निघायची. आमच्याकडं टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवराबायको मिळून एक कोयता. एकटं माणूस असेल तर अर्धा. अजिनाथनं डिस्क घरी आणली त्या वर्षी टोळी निघायच्या आदल्या दुपारी त्यानं समाजमंदिरात टीव्ही लावला, खिडक्यांवर सतरंज्या टाकल्या आणि आवाज बंद करून भाड्याच्या माईकवर पिवळी सांगितली. बायका तिच्याकडं बघून हळहळल्या. "अर्धा कोयता हाय बिचारी," छबुबाई म्हणाली. छबुबाई तेव्हा टोळीत सगळ्यात जुनी. पुढच्या दसऱ्याला तिनंच आठवण केली, आणि मग पिवळी बघितल्याशिवाय ट्रकमध्ये बोचकं चढवायचं नाही असा रिवाजच पडला.

डिस्कला एक खोट होती. एक्केचाळिसाव्या मिनिटाला ती अडकायची. मुकादम बर्फात पडलाय, पिवळीनं कोयता उचललाय, आणि तिथं चित्राचे चौकोनी तुकडे होऊन सगळं थिजायचं. पुढं काही केल्या जात नसे. मग उरलेलं अजिनाथ सांगायचा. पिवळीनं मुकादमाला तोडला. पहाट झाली. ती चालत चालत आपल्या गावाला गेली. आईनं भाकरी केली होती. पिवळीनं कोयता भिंतीवरच्या खुंटीला टांगला आणि जेवायला बसली.

पहिल्या वर्षी गर्दी पांगल्यावर एक पोरगी मागं राहिली होती. विधवा आईबरोबर अर्धा कोयता म्हणून जाणारी, अठरा-एकोणीस वर्षांची मंगल. तिनं विचारलं, "तिनं त्यो कोयता परत खाली काढला का?" अजिनाथ म्हणाला, न्हाई. "कधीच?" कधीच न्हाई. दोन वर्षांनी त्यांचं लग्न झालं, आणि अजिनाथनं ढाबा सोडून दोन स्पीकर, एक मशीन आणि तीन माईक घेतले, त्यातला एक चालायचा. 'अजिनाथ साऊंड सर्व्हिस' हातगाड्यावर निघाली. हरवलेलं शेरडू असो, ग्रामसभा असो की वरात, आवाज त्याचाच. मंगलनं गल्लीत शिलाई मशीन टाकलं. ती परत फडात गेली नाही. घरात कोयता होता, भिंतीवर. त्याला मंगल दसऱ्याला हळदीकुंकू लावायची, बाकी त्याला कुणी हात लावत नसे.

म्हणजे पिवळीचा शेवट हा अजिनाथच्या पिक्चरचा शेवट होता, तशीच त्याच्या संसाराची सुरुवातही होती. तो शेवट सोमनाथनं यावर्षी बदलायला काढला.

सोमनाथ त्याच्याच बाकावरचा. दहावीला इंग्रजीच्या पेपरला सोमनाथनं उत्तरपत्रिकेवर आडवा हात ठेवला होता, हे अजिनाथ विसरला नव्हता. तो हात आता बीडला एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवत होता आणि त्यावर मोठं घड्याळ होतं. दसऱ्याच्या आधी सोमनाथ गावी आला तो एक चकचकीत डबी घेऊनच. आत डिस्क, डिस्कबरोबर चित्रांचं छोटं पुस्तक. तिकडच्या कंपनीनं पिवळी पुन्हा धुऊनपुसून घरी बघायला म्हणून काढली होती. खाली इंग्रजीत सगळं बोलणं लिहून येणार, शिवाय ज्यानं पिक्चर काढला त्याची मुलाखत. सोमनाथनं क्लासचा प्रोजेक्टर आणला होता, लॅपटॉपला जोडायचा डिस्क वाचणारा डबा आणला होता.

"यंदा तू आराम कर बे," तो अजिनाथला म्हणाला. "सोळा वर्षं अंदाजानं सांगितलंस. आता खरं काय हाय ते लोकांना कळू दे."

अजिनाथनं ती डबी हातात घेतली. पिवळी तिच्यावर छापलेली होती, त्यानं कधी बघितली नव्हती इतकी स्वच्छ. तिच्या गालावर एक तीळ होता. सोळा वर्षं ज्या बाईची गोष्ट सांगितली तिच्या गालावर तीळ आहे हे आपल्याला सोमनाथकडून कळावं, याचा त्याला जो राग आला तो परमेश्वरच्या म्हशीपेक्षा किती तरी मोठा होता.

पण खरा घाव घरातच बसला. सोमनाथनं दारातून विचारलं, "वहिनी, खरा शेवट बघायचाय का?" मंगल बटण लावत होती. तिनं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "बघू की."

रात्री मंगलनं वाढलेली भाकरी अजिनाथ नुसती कुस्करत बसला. तिनं विचारलं, "कावून तोंड पाडलंय?" तो म्हणाला, दाढ दुखायलीय. मंगलनं लवंग आणून दिली. तीही त्यानं रागानंच दाढेखाली धरली.

आणि एवढं कमी म्हणून की काय, प्रोजेक्टरला आवाज नव्हता. म्हणजे होता, पण कुकरच्या शिट्टीएवढा. समाजमंदिर भरायचं तर स्पीकर लागणार, आणि स्पीकर गावात एकाच माणसाकडं. ज्या दुपारी आपली गादी जाणार त्या दुपारी तिला झालर आपणच लावायची, असा प्रसंग. अजिनाथ हातगाडा ढकलत गेला. त्यानं खिडक्यांवर सतरंज्या टाकल्या, वायरी ओढल्या, आणि पाच पिनांचा विजेचा बोर्ड आपल्या मांडीशी घेऊन भिंतीला टेकून बसला. प्रोजेक्टर, लॅपटॉप, स्पीकर, सगळं त्या एका बोर्डावर, आणि बोर्ड भिंतीत एका ढिल्या पिनवर. त्या पिनवर त्यानं हात ठेवला. एक्केचाळिसाव्या मिनिटाला ती निघणार होती. हात लागला, चुकून लागला, लाईन गेली असं वाटलं. सांगायला काहीही जमलं असतं.

लोक आले. छबुबाई आता थकली होती, टोळीत जात नव्हती, पण पिवळीला तिला पुढची जागा. बायकांच्या बाजूला मंगल बसली. तिनं इस्त्रीचं लुगडं नेसलेलं अजिनाथनं नोंदवून ठेवलं.

सोमनाथनं हातात लाल ठिपक्याची टॉर्च धरून सुरू केलं. तो एक एक ओळ वाचून मराठी करून सांगत होता. ही मुलगी एका संघटनेत काम करते. संघटनेनं तिला यादी दिली आहे. ती म्हणते, आदेश मिळाला. तो म्हणतो, पडताळणी करा. चित्रात बर्फ उडत होतं, कोयता चमकत होता आणि सोमनाथ म्हणत होता की अहवाल सादर करावा लागेल. दहा मिनिटांत मागची चार माणसं तंबाखू मळायला लागली.

"अन् मुकादम कवा येतो?" छबुबाईनं विचारलं.

सोमनाथ म्हणाला की मावशी, यात मुकादम नाहीच. तो काळा कोटवाला तिचा गुरुजी आहे.

बायकांत गलका झाला. एवढी वर्षं ज्याला शिव्या दिल्या तो गुरुजी निघावा, हे कुणाला पटेना. कुणी म्हणालं, आपल्या डिस्कमध्ये तर मुकादमच होता. अजिनाथनं पिनवरचा हात थोडा सैल केला. असंच चालू दे, असं त्याला वाटलं, आणखी दोन अहवाल सादर झाले की लोक आपणहून उठतील.

तेवढ्यात सोमनाथ थांबला. पडद्यावर पिवळी आरशासमोर उभी होती. दरवर्षी इथं अजिनाथ तिला केस विंचरायला लावायचा. सोमनाथनं ओळ वाचली आणि हळू आवाजात सांगितलं, "ती म्हणती, मी पण त्यांच्यातलीच हाय."

मागचे तंबाखू मळायचे थांबले.

अजिनाथला ते कधी सुचलं नव्हतं. सोळा वर्षं तो आरसा त्याच्यासमोर होता, आणि आरशात पिवळीच्या ओठांआड दोन दात जरा लांब होते, तेही त्याला दरवर्षी दिसत होते. त्यानं तिला कंगवा दिला होता. त्यानं पिन पुन्हा घट्ट धरली.

सदतीस मिनिटं झाली. अडतीस. लॅपटॉपच्या कोपऱ्यातला आकडा त्याला बसल्या जागेवरून दिसत होता. चाळीस. मुकादम, म्हणजे तो गुरुजी, बर्फात पडला. पिवळीनं कोयता उचलला. ते चित्र आलं, ज्याच्यावर सोळा वर्षं त्याचा आवाज उभा होता. त्यानं पिन अर्धी ओढली, आणि त्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं की पुढं काय झालं हे त्यालाही ठाऊक नाही. गावात कुणी विचारलं तर पिवळीचं सगळं सांगणारा तो, आणि ती उचललेला हात खाली आणते का नाही, हे त्यानं कधीच बघितलं नव्हतं.

पिन त्यानं परत आत दाबली.

चित्राचे तुकडे झाले नाहीत. पिवळीचा हात सावकाश खाली आला. तिनं कोयता बाजूला ठेवला, ओंजळीत बर्फ घेतलं आणि त्या पडलेल्या गुरुजीच्या तोंडाला लावलं. तो पाणी पितोय तोवर ती नुसती बसून राहिली. पहाट झाली, ऊन त्याच्या कोटावर आलं, तसा तो विरून गेला आणि कोट रिकामा झाला. मग पिवळीनं कोयता बर्फात उभा रोवला, टोपी पुढं ओढून रस्त्यावर आली, आणि बसथांब्याच्या बाकड्यावर रेनकोटाच्या खिशात हात घालून बसली. बस काही आली नाही. तिथंच पिक्चर संपला.

या चार-पाच मिनिटांत पडद्यावर कुणी एक शब्द बोललं नाही. सोमनाथ टॉर्च धरून उभा होता, पण वाचायला खाली काही येतच नव्हतं. छबुबाई पदरानं डोळे पुसत होती.

अजिनाथनं तिच्याकडं बघितलं. सोळा वर्षं घसा फोडून त्यानं हा शेवट सांगितला होता. भाकरी सांगितली, खुंटी सांगितली, आईचा आवाज काढून दाखवला. छबुबाई दरवर्षी मान डोलवायची, शाबास म्हणायची. रडली कधी नव्हती. आणि तिकडं कुणी माणसानं गप्प बसून तिला रडवलं होतं.

सोमनाथनं लगेच पिक्चर काढणाऱ्या त्या माणसाची मुलाखत लावली. चष्मा घातलेला एक वाळका म्हातारा खुर्चीवर बसून मान खाजवत होता. सोमनाथनं सांगितलं की सगळे ह्याला विचारतात, बस आली का, पोरगी गेली कुठं. हा म्हणतो, मला माहीत नाही. अजिनाथ त्या म्हाताऱ्याच्या स्वेटरकडं, त्याच्या साध्या चपलांकडं बघत राहिला. तालुक्याबाहेरच्या माणसावर जळायची त्याची ही पहिलीच वेळ होती, आणि एकदम जपान म्हणजे जरा लांबच पडत होतं. सोमनाथ तर आता त्याला किरकोळ वाटायला लागला.

छबुबाईला मात्र ते उत्तर पसंत पडलं नाही. "ठाऊक न्हाई तर पिक्चर काढला कावून?" ती म्हणाली. "अजिनाथाला ठाऊक हाय. सोमनाथा, शेवट परत लाव. अजिनाथा, तू बोल."

सगळे वळून त्याच्याकडं बघायला लागले. सोमनाथनंही, हे खरं सांगायला पाहिजे, वाद न घालता डिस्क मागं नेली आणि टॉर्च खिशात घातली. अजिनाथ उठला. चालणारा माईक हातात घेतला, फुंकर मारून बघितली. एक्केचाळीस. पिवळीनं कोयता उचलला.

"अन् मग पिवळीनं त्या मुकादमाला," अजिनाथनं सुरुवात केली.

पण पिवळी ऐकेना. आजवर ती थिजलेली असायची, तो सांगेल ते करायची. आता तिचा हात खाली येत होता. तो म्हणाला बुडातून, आणि तिनं कोयता बाजूला ठेवला. त्यानं घसा साफ केला. ती बर्फ उचलत होती. त्याला पुढचं सगळं पाठ होतं आणि त्यातलं एक अक्षर तिथं बसत नव्हतं. माईकमधून नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि तो श्वास दोन्ही स्पीकरमधून सगळ्या वस्तीला ऐकू जात होता.

"पाणी पाजलं तिनं त्याला," बायकांच्या बाजूनं आवाज आला.

मंगल होती. तिच्याकडं माईक नव्हता. ती बसल्या जागेवरून, शिवता शिवता बोलावं तशी बोलत होती.

"मरता मानूस पाणी मागतो. मुकादम असला म्हणून काय झालं. तिची बी जात त्याचीच, तिला त्याची तहान कळती." ऊन कोटावर आलं. कोट रिकामा होईपर्यंत मंगल थांबली. "आता कोयता तिनं भिंतीला टांगला असता. पण तिथं भिंत कुठाय? म्हणून बर्फात रोवला. त्यो काय ती परत काढत न्हाई."

पिवळी बाकड्यावर बसली.

"आता घरी जायली ती. बसला उशीर व्हायलाय, पण येती. माय चुलीम्होरं बसलीय. बाजरीची भाकर हाय. भाकरीवर मिरचीचा ठेचा हाय, वरून तेलाची धार. माय म्हणती, हात धू आधी."

पडदा काळा झाला. मग छबुबाई हसायला लागली आणि रडायलाही लागली, दोन्ही एकदमच, आणि तिच्याबरोबर सगळ्या बायका. पहाटे ट्रकमध्ये चढायच्या होत्या त्या. एक जण म्हणाली, हात धू आधी, हे लई भारी. सोमनाथनं वही काढून काहीतरी लिहून घेतलं.

अजिनाथनं माईक बंद केला. वायरी गुंडाळल्या, सतरंज्या काढल्या, हातगाडा भरला. घराकडं निघाले तेव्हा मंगल एका बाजूनं गाड्याला हात लावून चालत होती. तो तोंड पाडून गाडा ढकलत होता. वस्तीच्या वळणापर्यंत तिनं वाट बघितली.

"दाढ दुखायलीय का?"

त्यानं गाडा थांबवला. "ठेच्याचं तू कुठून काढलंस?" तो म्हणाला. "मी कधी ठेचा सांगितला नव्हता."

"म्हणून तर," मंगल म्हणाली. "सोळा वर्षं तुमी तिला नुसती कोरडी भाकर खाऊ घातली."

ती पुढं निघाली. अजिनाथ गाड्याच्या दांड्याला धरून थोडा वेळ तिच्या पाठीकडं बघत उभा राहिला. सोमनाथ सुटला होता, जपानचा म्हातारा सुटला होता. आता जळायचं ते हिच्यावर, आणि हिच्याबरोबर तर रोज जेवायला बसायचं होतं.

त्यानं गाडा ढकलला आणि तिला गाठलं. "पुढच्या दसऱ्याला माईक तू धर," तो तोंड वाकडं करून म्हणाला, "पण एक्केचाळिसाव्या मिनिटापर्यंत मीच बोलणार हाय."